पॉजरकाका आणि तुझी आत्या

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या विनोदी कादंबरीची साठ पानं वाचली. आत्या गॅसच्या नंबरासाठी एजन्सीत भांडायला जाते तिथे मी इतक्या मोठ्यानं हसलो की ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग तिलाही वाचून दाखवलं. त्यानंतर कागद कपाटावर ठेवले, ते चार दिवस तिथेच राहिले. एवढं हसवणारं लिखाण पुन्हा हातात घ्यावंसं का वाटेना, या विचारात जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदी लेखकाचं ‘थ्री मेन इन अ बोट’ खाली काढलं.

१८८९ सालचं पुस्तक. तीन मित्र, एक कुत्रा, थेम्स नदीत पंधरा दिवसांची सफर. जेरोमला खरं म्हणजे नदीचा इतिहास-भूगोल लिहायचा होता, विनोद तोंडी लावण्यापुरता. पण नुकतंच लग्न झालेलं, स्वारी खुशीत. विनोदच पानभर पसरला. हे लिखाण आधी ज्या मासिकात येत होतं, त्याच्या संपादकानं मग इतिहासाला बरीच कात्री लावली. (असे संपादक हल्ली मिळत नाहीत, मीही तसा नव्हतो.) समीक्षकांनी नाकं मुरडली, पण पुस्तक धडाधड खपलं.

पहिल्याच प्रकरणात निवेदक ब्रिटिश म्युझियममध्ये औषधांचं पुस्तक चाळतो. त्यातले सगळे रोग आपल्याला आहेत अशी त्याची खात्री पटते. मोलकरणींच्या गुडघ्याला होणारा एक विकार तेवढा नसतो, तर त्याला चक्क अपमान वाटतो! हसं आधी स्वतःचं. आपल्या चिं. वि. जोशींचा चिमणरावही याच जातीचा. तुझी निवेदिका मात्र गॅलरीत उभी राहून खाली सगळ्यांना हसते. तिचं कधी काही फसतच नाही.

आता त्याच पुस्तकातले, निवेदकाचे पॉजरकाका बघ. भिंतीवर एक तसबीर लावायची, त्यासाठी अख्खं घर कामाला जुंपलेलं. काकांचा कोट हरवतो, सगळे शोधतात, तो त्यांच्याच बुडाखाली निघतो. खिळा पडतो. तो सापडेपर्यंत हातोडा गायब. हातोडा मिळतो तर भिंतीवरची खूण सापडत नाही. मध्यरात्री तसबीर लागते, तीही वाकडी. यात एकही कोटी नाही. तू हे चार ओळींत उरकून वर दोन शाब्दिक कोट्या केल्या असत्यास.

पण हे काका होडीत नाहीतच. ते काढून टाकले तरी सफरीचं काही बिघडत नाही. पुस्तक कुठूनही उघडावं, कुठेही मिटावं, अशी सोय आहे. आणि माझ्या मते तीच त्याची मर्यादा. पुढे काय होणार याची हुरहुर लागत नाही, कारण कुणाला काही होणारच नसतं.

एकदा होतं. गोरिंगजवळ एका बाईचं प्रेत पाण्यावरून वाहत येतं. फसवली गेलेली, घरच्यांनी दार बंद केलेली. जेरोमचा सूर एकदम ओला आणि जड होतो. आणि लगेच पुढे काय, तर गोरिंग आणि स्ट्रीटली ही राहायला किती छान गावं आहेत! मग कपडे धुण्याची फजिती. विशीत मी तो मजकूर ओलांडून जायचो. आता तिथे अडखळतो. ती बाई त्या पुस्तकात कुणाची कुणीच नव्हती. तुझ्या पाचव्या प्रकरणातलं आजोबांचं मरण असंच पाहुणं वाटतं. आधीच्या चार प्रकरणांत ते कुठे आहेत? एकदा तरी त्यांचा चष्मा हरवू दे, आत्याशी वाजू दे.

जेरोमनं एक गोष्ट मात्र बरोबर ओळखली, थांबायचं कुठे. पावसानं गांजलेले तिघं पँगबोर्नला होडी सोडून चोरासारखे लंडनची गाडी पकडतात. सफर अर्धवट, पण पुस्तक पुरं होतं. तुझ्या आराखड्यातली चाळीस प्रकरणं बघून मला धडकी भरली.

काल जेवताना ही म्हणाली, “त्या आत्याला शेवटी सिलिंडर मिळाला का हो?” तुझ्या एकाही कोटीबद्दल तिनं विचारलं नाही. आणि उत्तर साठ पानांत मला कुठे सापडलं नाही. कळव.

तुझा,
सर