तीन रॉड, एक एफडी आणि टेक्सासचा बास

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, वय ६६, राहणार जुळे सोलापूर. पेन्शन ३८ हजार, घर त्यात भागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत आणि बँकेत ४ लाखांच्या ठेवी. मुलगा डॅलसला असतो. एप्रिलअखेर मी आणि सौ. सहा महिन्यांसाठी तिकडे निघालोय. मागच्या खेपेला मुलाबरोबर तळ्याच्या काठावरून बास मासा धरला आणि क्रँकबेटचं, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषाचं, वेडच लागलं. तिथल्या दुकानदाराने तीन वेगळे रॉड (गळाच्या काठ्या) सांगितले: उथळ क्रँकबेटला एक, बिनजिभेच्याला एक, खोल जाणाऱ्याला एक. रॉड आणि रीळ मिळून प्रत्येकी २९० डॉलर, म्हणजे ८७० डॉलर. मुलगा म्हणतो मी घेऊन देतो, पण मला त्याच्या पैशाने शौक करायचा नाही. १ लाखाची एक एफडी मोडावी असा विचार आहे. येताना रॉड आणले तर हिप्परग्याच्या तलावाला, उजनीलाही कामी येतील. सौ.चं म्हणणं, घ्यायचाच तर एक घ्या. मुलाकडे एक बेटकास्टिंग रीळ पडून आहे, त्यावर ७.१:१ असा आकडा आहे. एका रॉडवर सगळी क्रँकबेटं चालतील का?

उत्तर:

गुरुजी, नमस्कार.

सगळी चालणार नाहीत. तरीही एकच घ्या, आणि एफडीला हात लावू नका. काकूंचं म्हणणं बरोबर आहे. कारण मात्र फक्त काटकसरीचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानदाराने तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. क्रँकबेट ओढलं की पुढची जीभ, म्हणजे तोंडाशी लावलेली पट्टी, पाण्याला अडते आणि ते खाली जातं. चौकोनी आखूड जिभेचं तीन-पाच फुटांवर राहतं, मधलं आठ-दहा फूट उतरतं, लांब जिभेचं पंधरा-वीस फूट किंवा त्याहून खाली. बिनजिभेचं आपल्या वजनाने बुडतं, आत छर्रे असतात त्यामुळे खुळखुळतं, आणि ते किती खोल जाऊ द्यायचं हे तुम्ही ओढायला कधी सुरुवात करता त्यावर असतं. वजनं वेगळी, पाण्यातली ओढ वेगळी. बोटीवरून स्पर्धा खेळणारा माणूस दर वेळी रॉड बदलतो, कारण त्याचा वेळ महाग असतो आणि बोटीत सहा-आठ रॉड मांडून ठेवलेले असतात. दुकानदाराने सांगितलं ते त्या माणसासाठी ठीक आहे.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द ‘काठावरून’ हा आहे. तुमच्याकडे बोट नाही. काठावरून फेकलेलं खोल क्रँकबेट परत येताना उथळ पाण्याकडेच येतं. वीस फूट जाणारी वस्तू सहा फूट पाण्यात ओढली की ती तळ उकरते, दगडात नाहीतर बुडालेल्या झाडात अडकते, आणि दहा-बारा डॉलर तिथेच राहतात. म्हणजे यादीतला तिसरा रॉड, जो सगळ्यात लांब आणि जड, तो ज्या कामासाठी आहे ते काम तुम्ही करतच नाही. तो गेला की उरतं उथळ, मधलं आणि बिनजिभेचं. या तिघांना एक रॉड नक्की पुरतो. एकाच रॉडमधून सगळं मागितलं तर कुठलंच धड मिळत नाही. एक टोक आधीच सोडून दिलं की निवड सोपी होते. तुमचं सोडायचं टोक काठाने ठरवून दिलंय.

आता घ्यायचा कोणता. लांबी सात फूट. ताकद मीडियम-हेवी. वाकणं मॉडरेट, म्हणजे फक्त शेंड्याला न वाकता निम्म्या अंगापर्यंत वाकणारा. रॉडवर क्रँकबेटच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, ती पाव ते पाऊण औंस, म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम असावी. वाकण्यावर मी एवढा भर का देतोय तेही सांगतो. क्रँकबेटला तीन तोंडांचे बारीक गळ असतात आणि मासा पुष्कळदा ओठाच्या कडेलाच लागतो. रॉड ताठ असला की तुमच्या हिसक्याने गळ ओठ फाडून निघतो. मऊ रॉड तो हिसका स्वतः पिऊन टाकतो आणि मासा उडी मारतो तेव्हाही दोरी सैल पडू देत नाही. निव्वळ फायबरग्लासचा रॉड सगळ्यात मऊ, पण हाताला जड आणि माशाचा ठोका उशिरा कळवणारा. ग्राफाइट हलका, पण क्रँकबेटसाठी बहुतेक वेळा फार चपळ. दोन्हींच्या मिश्रणाचा, ज्याला तिकडे काँपोझिट म्हणतात, तो तुमच्यासाठी. बिनजिभेचं क्रँकबेट पाणगवतात अडकलं की झटका देऊन सोडवावं लागतं, आणि निव्वळ ग्लासच्या रॉडने तो झटका खाली पोचतच नाही. मीडियमऐवजी मीडियम-हेवी म्हणालो तेही त्याचसाठी. अगदी हलकी, पाव औंसाच्या आतली क्रँकबेटं याने लांब जाणार नाहीत. जाऊ देत.

मुलाकडचं रीळ वापरा. ७.१:१ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की आतली फिरकी सात वेळा फिरते. क्रँकबेटसाठी लोक सहाच्या आसपासचं, खोल क्रँकबेटसाठी पाचाच्या आसपासचं रीळ पसंत करतात, कारण वेगाचं रीळ ओढायला जड जातं आणि माणूस नकळत भरभर गुंडाळतो. पण हा जाच खोल क्रँकबेटला जास्त, आणि ते आपण यादीतून काढलंय. उरलेल्यांसाठी हात हळू चालवा, झालं. तीस वर्षं फळ्यावर सावकाश अक्षर काढणाऱ्या माणसाला हे जमू नये असं काही नाही. बेटकास्टिंग रिळावर फेकताना अंगठ्याने फिरकी दाबावी लागते, नाहीतर दोरीचा गुंता होतो. दोन संध्याकाळी मोकळ्या मैदानात गळ नसलेलं वजन बांधून फेकून बघा. दोरी १२ पौंड ताण सोसणारी, फ्लोरोकार्बन नावाच्या प्लास्टिकची भरा. पुढे कधी वाटलं की तेच क्रँकबेट फूट-दोन फूट आणखी खाली जावं, तर दहा पौंडांची बारीक दोरी भरायची. बारीक दोरीला पाण्याचा अडथळा कमी, म्हणून क्रँकबेट खोल जातं. काही डॉलरची दोरी बदलून निम्मं काम होत असताना दुसरा रॉड कशाला?

पैशाकडे येऊ. हिशेबाला डॉलर ९० रुपये धरतो. अमेरिकेत फळीवरच्या किमतीत कर नसतो आणि डॅलसमध्ये तो ८.२५ टक्के लागतो, म्हणजे ८७० चे ९४२ डॉलर होतात, सुमारे ८४,८०० रुपये. त्याऐवजी १३० डॉलरचा बरा काँपोझिट रॉड, ७० डॉलरची दोरी आणि पाच-सहा क्रँकबेटं, वर कर, असे साधारण २१७ डॉलर, साडेएकोणीस हजार रुपये. फरक पासष्ट हजारांचा. तुमच्या १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये येतात आणि एप्रिलचं व्याज निघायच्या आधीच खात्यात पडलेलं असेल. पेन्शनमध्ये घर भागतंय म्हणता, तर हा सगळा शौक त्या एका व्याजात बसतो आणि वर अकरा हजार उरतात. मुलाकडून घ्यायचं नाही ही तुमची अटही पाळली जाते.

एफडी का मोडू नये? मुदतीआधी मोडली की बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, ते फार नाही. माझी हरकत वेगळी आहे. तुमच्या ४ लाखांच्या ठेवी म्हणजे उजनीचा मृतसाठा. धरणाच्या ११७ टीएमसीत ६३ टीएमसी तोच आहे, आणि मे महिन्यात पेपरात ‘उजनी वजा इतके टक्के’ छापून येतं तेव्हा सोलापूरचा नळ त्यावरच चालतो. तो भरलेला असताना कुणाला दिसत नाही. बचत योजनेतले १५ लाख मुदतीआधी काढायचे तर तिथेही कपात आहे, त्यामुळे मध्यरात्री दवाखान्यात भरायला तुमच्या हाताशी हे चारच लाख आहेत. त्यातला एक लाख रॉडसाठी? नको.

आणि दवाखान्यावरून मला तुमच्या पत्रात जे नाही ते विचारायचंय. प्रवास विमा काढलाय का, आणि किती डॉलरचा? सहा महिन्यांसाठी दोघं जाताय, वय साठीच्या पुढे, तिथे दवाखान्यात दोन रात्री काढल्या तरी बिल लाखांत जातं. बरेच जण व्हिसाच्या धावपळीत सगळ्यात स्वस्त, ५० हजार डॉलरची पॉलिसी घेतात आणि कागद उघडूनही बघत नाहीत. साठीच्या पुढच्यांसाठी अनेक पॉलिसींमध्ये खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांवर वेगळ्या मर्यादा असतात; रक्कम ५० हजार लिहिलेली असते, पण शस्त्रक्रियेला त्यातले थोडेच मिळतात. एजंटाला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या: अशा उपमर्यादा आहेत का, बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्यातून उद्भवलेल्या आजाराला कव्हर आहे का, आणि बिल कंपनी थेट भरणार की आधी तुम्ही भरायचं. बीपीची गोळी चालू असेल तर ती लपवू नका. क्लेम नाकारायला एवढं कारण पुरतं. एप्रिलच्या व्याजातले उरलेले अकरा हजार एक लाख डॉलर किंवा त्याहून मोठी, उपमर्यादा नसलेली पॉलिसी घेण्यात घाला. आणखी लागले तर पेन्शनमधून घाला, पण ही पॉलिसी सोलापुरातून निघण्यापूर्वी घ्या. रॉड तिकडे पोचल्यावर सावकाश घेता येईल.

‘येताना आणले तर हिप्परग्याला, उजनीलाही चालतील’ हे वाक्य वाचून मला हसू आलं. महागडी वस्तू घेताना आपण सगळेच असं दुसरं गिऱ्हाईक शोधतो. लार्जमाउथ बास उजनीत नाही. आपल्याकडे क्रँकबेटसारख्या आमिषावर येणारा मुख्य मासा म्हणजे मरळ, आणि ती बसते जलपर्णीच्या कडेला नाहीतर गवतात. तीन तोंडांचे दोन गळ लावलेलं क्रँकबेट तिथे फेकलं की माशाआधी जलपर्णी लागते. मरळीला लोक वर तरंगणारा, गळ लपवलेला रबरी बेडूक, जाड विणीची दोरी आणि ताठ रॉड वापरतात, म्हणजे तुमच्या रॉडच्या नेमकं उलट. कटला-रोहू पिठाच्या गोळ्यावर येतात, त्यांना क्रँकबेटचं काही देणंघेणं नाही. शिवाय सात फुटांचा रॉड बहुतेक वेळा अखंड येतो. विमानाच्या साध्या बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून मर्यादा १५८ सेंटिमीटर, रॉड एकटाच २१३ सेंटिमीटर. जादा आकाराचं भाडं भरून आणला, तर पुढे मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या बर्थवर तो तुमच्याशेजारी झोपणार. रॉड मुलाकडेच ठेवा. पुढच्या खेपेला तो तिथे असेल, आणि मधल्या काळात मुलगाही वापरेल. हिप्परग्यासाठी तुमच्याकडे जुना रॉड असेल तर तोच वापरा. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका, हे तुम्हाला माहीत असेलच.

टेक्सासमध्ये परवाना लागतो, पाहुण्यालाही, आणि परराज्यातल्या-परदेशातल्या माणसाला तो महाग पडतो. वर्षाचा घेतलात तरी तो ३१ ऑगस्टला संपतो. मे महिन्यात काढलेला सप्टेंबरला चालणार नाही. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासेमारी करायला परवाना लागत नाही, फक्त उद्यानाचं प्रवेश तिकीट. काठावरच्या माणसासाठी हे सोन्यासारखं आहे. पहिला महिना तिथेच घालवा आणि बाकीच्या तळ्यांवर किती जाणं होतंय ते बघून मग परवाना काढायचा का ते ठरवा. लेक फोर्कला मात्र एकदा जा. डॅलसपासून गाडीने दीडेक तासावर आहे आणि राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ मध्ये तिथेच लागला. आपल्या उजनीप्रमाणेच तो तलावही १९८० सालचा. तिथे १६ ते २४ इंचांमधला बास लागला तर पाण्यात परत सोडावा लागतो; फोटो काढा आणि सोडा, दंड भरण्यासाठी आपल्या हिशेबात जागा ठेवलेली नाही.

एक शक्यता उरते. मुलगा म्हणेल, बाबा एवढे रमलेत तर आपण छोटी बोटच घेऊ. तसं झालं तर खोल क्रँकबेटसाठी दुसरा, साडेसात फुटांपेक्षा लांब रॉड आणि संथ रीळ लागेल, आणि ते जुलैच्या व्याजातून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त बोटीचा हप्ता आणि ती उभी करायचं भाडं कोण भरणार हे त्याला आधी विचारून घ्या.