स्कॉटलंडच्या खेड्यात कौन्सिलच्या निवडणुकीला मत कसं द्यायचं? सगळ्यांना नंबर द्यायचे की एकालाच?

तुम्ही लिहिलंय की हायलँडमधल्या एका खेड्यात नुकतेच राहायला आलात, मे २०२७ मध्ये कौन्सिलची निवडणूक आहे, एका वॉर्डातून तीन-चार जण निवडून येतात आणि मतपत्रिकेवर फुलीऐवजी नंबर लिहायचे असतात. तर नंबर सगळ्यांना द्यायचे की आवडत्या एकालाच? आणि भारतीय पासपोर्टवर मत चालतं का?

नंबर द्या. जितक्यांना देववतील तितक्यांना द्या. एकालाच '१' देऊन बाकीचे चौकोन रिकामे सोडा, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर तो माणूस बहुधा माझा साडू आहे.

मी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मूळचा सातारा जिल्ह्यातला. वॉर्डाचं नाव लिहीत नाही, कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि उद्या काउंटरवर तोंड दाखवायचं आहे. माझ्या चुलत्यांचं पॅनेल तीन वेळा ग्रामपंचायतीला उभं होतं. कॉलेजात असताना त्यांच्या कपबशीसाठी मी गल्लीगल्लीत ओरडत फिरलोय, त्यामुळे निवडणुकीतलं मला कळतं असा माझा ठाम समज होता. तो समज इथे येऊन किती महागात पडला तेच खरं तर सांगायचं आहे.

आधी इथलं आकारमान डोक्यात घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हायलँड कौन्सिलचा भाग २५,६०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढं होतं. माणसं मात्र सव्वादोन-अडीच लाख. या सगळ्याला २१ वॉर्ड आणि ७४ कौन्सिलर. मध्ये तालुका नाही, पंचायत समिती नाही. १९९६ पासून एकच थर. आपल्याकडे सहाशे-सातशे वस्तीच्या गावालाही ग्रामपंचायतीचे सात सदस्य असतात. इथे एका कौन्सिलरच्या वाट्याला डोंगर, दऱ्या, लॉख (म्हणजे तळं किंवा समुद्राची खाडी) आणि त्यामधली वीस-पंचवीस गावं येतात. वॉर्डांची नावंच बघा. 'वेस्टर रॉस, स्ट्रॅथपेफर अँड लॉखॅल्श'. तीन वेगवेगळे मुलूख एका दोरीने बांधलेत. एका टोकाला इन्व्हर्नेस शहरात नोकरीला जाऊन-येऊन करणारी माणसं, दुसऱ्या टोकाला मेंढ्या आणि मासेमारी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला दोन तास सहज लागतात, तेही वाटेत मेंढी आडवी आली नाही तर. स्काय बेटाच्या वॉर्डाचं नाव मात्र सुंदर आहे, 'एलन अ ख्यो', म्हणजे धुक्याचं बेट. २०२१ मध्ये बाउंड्रीज स्कॉटलंडने हायलँडचे वॉर्ड नव्याने आखून दिले होते, पण स्कॉटिश संसदेने तो प्रस्ताव फेटाळला. अर्गाइल अँड ब्यूटचाही फेटाळला. त्यामुळे २०२२ ची निवडणूक जुन्याच वॉर्डांवर झाली.

आता माझी गोष्ट. तेव्हा आमच्या गावातल्या एक बाई अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, प्रत्येक घरातलं पोर नावानिशी ठाऊक. या भागात अपक्षांना मान आहे, पक्ष हे शहरी खूळ आहे असं मानणारी माणसं अजून आहेत. उभं राहणं सोपं आहे, अनामत रक्कमच नाही. डिपॉझिट जप्त झालं हा आपला लाडका वाक्प्रचार इथे वाया जातो. पण अपक्षाला चिन्हही नाही. कपबशी नाही, शिट्टी नाही, नारळ नाही. पक्षांचं चिन्ह असतं, अपक्षाच्या नावापुढे नुसतं 'अपक्ष'. आणि नावं आडनावाच्या आद्याक्षराने लागतात. आमच्याकडे निम्मी मतपत्रिका 'मॅक'ने सुरू होते, जसं आपल्याकडे पाटलांमागून पाटील.

मी बाईंचा प्रचारप्रमुख झालो. म्हणजे पत्रकं छापणं, गाडी चालवणं आणि दारात उभं राहून ऐकून घेणं. लोकांनी काय काय ऐकवलं! अलापूलहून येणारा ए-८३५ खराब झालाय, तो रस्ता कौन्सिलचा नाहीच, सरकारचा. फेरी-बोट उशिरा येते, तीही कौन्सिलची नाही. बाळंतपणाला इन्व्हर्नेसला जावं लागतं, तो आरोग्यसेवेचा विषय. शाळा, कचरा, म्हाताऱ्यांची देखभाल, बांधकामाची परवानगी आणि गावातले अरुंद रस्ते, एवढंच कौन्सिलचं. बाई प्रत्येकाला हे समजावत बसायच्या आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. आपल्याकडे उमेदवार असं 'ते माझ्या हातात नाही' म्हणतो का कधी?

मतदानाला पंधरा दिवस असताना दुसरे अपक्ष माझ्या दुकानात आले. पलीकडच्या लॉखवरचे गृहस्थ, मेंढ्या पाळणारे, बोलणं मोजून-मापून. म्हणाले, आपण दोघंही अपक्ष आहोत, दोघांची गावं वेगळी. तुमच्या लोकांना सांगा मला दुसरा नंबर द्यायला, मी माझ्यांना सांगतो तुमच्या बाईंना द्यायला. मी म्हटलं, विचारून सांगतो.

आणि विचारलं कोणाला? साडूंना. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, इन्व्हर्नेसला असतात, हिशेबनीस आहेत, आणि जगातला कुठलाही प्रश्न तक्ता मांडून सुटतो अशी त्यांची श्रद्धा आहे. ते फोनवर म्हणाले, "वेडे की काय तुम्ही? दुसरा नंबर दिला की पहिलं मत पातळ होतं. दुधात पाणी. आपल्या लोकांना सांगा, फक्त एक लिहा, बाकी कोरं सोडा."

हे साफ चूक आहे, आणि इतकी वर्षं मी हेच सांगतोय. महाराष्ट्रात तुम्ही पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल किंवा विधानपरिषदेच्या निवडणुकीच्या बातम्या वाचल्या असतील तर पहिल्या पसंतीची मतं, कोटा, बाद फेरी हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. तेच हे. २००४ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये ही पद्धत आली आणि २००७ पासून वापरात आहे. चार जागा असतील आणि वैध मतं ४,००० पडली, तर चाराला एक मिळवून पाचाने भागायचं आणि वर एक. कोटा ८०१. ज्याने कोटा गाठला तो निवडून आला, त्याची जास्तीची मतं ठरलेल्या अंशाने दुसऱ्या पसंतीकडे सरकतात. कोणीच गाठला नाही तर तळाचा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या नंबराकडे. तुमचा '२' उघडून बघण्याची वेळ येते ती तुमचा '१' जिंकल्यावर किंवा बाद झाल्यावरच. तोवर त्या '२'ला हात लागत नाही. मग पातळ काय होणार, कपाळ?

पण आमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं गेलं: 'फक्त १ लिहा. बाकी चौकोन रिकामे ठेवा.' ते गृहस्थ पुढच्या आठवड्यात औषध घ्यायला आले. काउंटरवर पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांनी एक उचललं, चष्मा वर करून वाचलं, चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, औषधाची पिशवी घेतली आणि "बरं" म्हणाले. तेवढंच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मतदान गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. मोजणी शुक्रवारी, इन्व्हर्नेसला. कौन्सिलच्या निवडणुकीत मतपत्रिका स्कॅनरमधून जातात आणि फेऱ्यांचा हिशेब संगणक करतो. आमच्यासारख्या प्रतिनिधींना उभं राहून बघता येतं. पेटी टेबलावर उपडी करतात, घड्या पडलेले कागद तळहाताने सपाट करतात, तेव्हा ओझरतं दिसतं. पलीकडच्या लॉखची पेटी उघडली आणि मी बघत राहिलो. कागदामागून कागद, मधल्या एका चौकोनात एकच '१', आणि खाली-वर सगळं कोरं. त्यांनी माझंच पत्रक माझ्यावर फिरवलं होतं. एक कागद शंकास्पद म्हणून पडद्यावर आला, '१' आहे की '७' यावर दोन अधिकारी मान तिरकी करून बघत होते. त्या कागदावरही दुसरा आकडा नव्हता.

पहिल्या पसंतीत बाई चौथ्या होत्या. जागा चार. मी घरी फोन करून पेढे म्हटलं. मग फेऱ्या सुरू झाल्या. ते गृहस्थ बाद झाले, त्यांच्या जवळजवळ निम्म्या मतपत्रिका कुठेच गेल्या नाहीत. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना असतो, नॉन-ट्रान्स्फरेबल. शेवटच्या फेरीत एका पक्षाचा उमेदवार इतरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर वर सरकला आणि बाई तीसेक मतांनी पडल्या. बाईंनी जिंकलेल्याशी हात मिळवला, मला म्हणाल्या, चल, अंधारायच्या आत डोंगर ओलांडू. परतीच्या दोन तासांत पत्रकाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

साडूंनी रात्री फोन केला. म्हणाले, "पद्धतच गचाळ आहे हो इथली." तेव्हापासून दर गणपतीला हा वाद होतो. मोदक गार होतात, बायका उठून जातात.

तर तुमचा प्रश्न. १, २, ३ असे नंबर लिहा, जो अजिबात नको असेल तिथे थांबा. नको असलेल्याला शेवटचा नंबर देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं. एकाच पक्षाचे दोन उमेदवार असतील तर वरचं नाव आधी दिसतं म्हणून त्याला '१' देऊ नका. आद्याक्षराचा हा फायदा इथे खरोखर होतो आणि मला त्याची चीड आहे. दोघांना '१' देऊ नका, मत बाद होण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. शंभरात साधारण दोन मतं अशी ना तशी बाद होतात. आकडे इंग्रजीच काढा, आपला १ इथे कोणालाही इंग्रजी 9 वाटेल. टपालाने मत पाठवणार असाल तर सोबतच्या कागदावर सही आणि जन्मतारीख नीट लिहा.

पासपोर्टचं राहिलंच. चालतो. राष्ट्रकुलातले म्हणून आपल्याला आधीपासूनच हक्क होता, २०२० च्या कायद्याने कायदेशीर राहणाऱ्या सगळ्याच परदेशी लोकांना दिला. वय सोळा पुरे. पण मतदारयादीत नाव तुम्हाला स्वतः घालावं लागतं. कौन्सिलच्या मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागत नाही, ते वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, निवडणुकीला लागतं. गोंधळ करू नका.

पक्षाला द्यावं की अपक्षाला, याचं उत्तर मी देणार नाही. एवढंच म्हणेन की उभं राहायला माणसं मिळत नाहीत. २०२२ मध्ये ग्रामीण आणि बेटांवरच्या काही वॉर्डांत जागांपेक्षा जास्त उमेदवारच नव्हते, मतदान झालंच नाही. आपल्याकडे बिनविरोध म्हटलं की गुलाल उधळतात, इथे लोक मान खाली घालतात. कौन्सिलरला २०२५-२६ मध्ये वर्षाला २५,९८२ पौंड ठरले होते, आणि त्यात आठवड्यातून कितीतरी तास गाडी हाकायची. मी गावच्या कम्युनिटी कौन्सिलवर आहे, तिथे पगारही नाही आणि अधिकारही नाहीत, बांधकामाच्या अर्जांवर मत द्यायचं एवढंच. साडू त्याला सोसायटीची कमिटी म्हणतात. म्हणोत.

आता खरं ते सांगतो, नाहीतर ओळखीचं कोणी वाचेल आणि म्हणेल. सल्ला साडूंचा होता, पण पत्रकातलं ते वाक्य मी लिहिलं, ठळकही मीच केलं, छापखान्याला पैसेही मीच दिले. आणि त्या गृहस्थांशी समझोता झाला असता तरी त्यांच्या माणसांनी ऐकलं असतंच असं नाही. इथली माणसं आपल्यासारखी पॅनेल टू पॅनेल शिक्के मारत नाहीत. तरी तीस मतं. तीस मतं तर कोणीही ऐकली असती.

साडू हे वाचतील आणि खाली आकडे घेऊन येतील, ते मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी: फेऱ्यांचा छापील तक्ता माझ्याकडे अजून आहे, दुकानात खोकल्याच्या औषधांच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर. नॉन-ट्रान्स्फरेबलच्या रकान्याखाली हिरव्या पेनाने रेघ मारली आहे. गणपतीला येताना घेऊन येतो.