पाण्याला वेळ विचारा
वाचकांचे प्रश्न, वेसाव्याच्या मावशीची उत्तरं

मावशी, आम्ही दोघे भाऊ कांदिवलीत राहतो. दोघांनाही चांगलं पोहता येतं. हवा भरायची कयाक घेतली आहे. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी दहाला मनोरीच्या खाडीत उतरायचं म्हणतोय. पोहता येत असताना लाइफ जॅकेट लागतंच का?

लागतंच. बक्कल लावून, अंगावर. नावेत पायाशी ठेवलेलं जॅकेट घरी ठेवल्यात जमा.

माझी अडचण तुमच्या 'दहाला'पाशी आहे. रविवार तुमच्या सुट्टीचा, दहा तुमच्या नाश्त्यानंतरचे. खाडीला कोणी विचारलं? आमच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिल्याशिवाय होडी सुटत नसे. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, सकाळ असो की संध्याकाळ, गणित तेच. साधारण सहा तासांनी ओहोटी. मुंबईत अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, म्हणून उतरायच्या दिवशी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रकही बघा. पण तिथीचा अंदाज डोक्यात असला की वेळापत्रक वाचताना चूक लगेच कळते.

आता तुमचे दहा त्यात बसवा. त्या रविवारी एकादशी असेल तर सव्वाआठपासून पाणी उतरायला लागलेलं. दहाला उतराल तर खाडी तुम्हाला तोंडाकडे, म्हणजे समुद्राकडे नेणार, आणि परतीचं वल्हं पाण्याच्या विरुद्ध. हवेची नाव हलकी, ती पाण्याचंही ऐकते आणि वाऱ्याचंही. चतुर्थी असेल तर नऊला पुरती ओहोटी, दहाला काठाशी नुसता चिखल. या चिखलात पाय टाकून नाव ओढायला जाऊ नका. मांडीपर्यंत रुतलेला माणूस स्वतःच्या जोरावर निघत नाही, आणि वर कालवांच्या कडा तळपाय फाडतात. नाव चिखलावर बसलीच तर नावेतच बसून राहा. पाणी येतं परत.

एकादशी तुमच्या फायद्याचीही करता येते. पावणेसातला उतरा, चढत्या पाण्याबरोबर आत, तिवरांच्या बाजूला जा, आठच्या सुमाराला पाणी थबकलं की वळा. येताना ओहोटी घरी आणून सोडते. शिवाय अष्टमी ते एकादशी भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला नवख्याने खाडीत जाऊच नये. मार्वे-मनोरी फेरीबोटीची वाट ओलांडायची असेल तर बोट जाऊ द्या, मग सरळ रेषेत, न रेंगाळता. डोलजाळ्याचे, म्हणजे मासे धरायच्या जाळ्याचे, पाण्यात रोवलेले खुंट दिसले की लांबून वळसा घ्या. ओहोटीच्या ओढीत नाव दोराला आडवी अडकली तर ती उलटते, आणि खाली जाळं असतं. गळ्यात शिट्टी, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि परतायची वेळ काठावरच्या कोणालातरी सांगितलेली. एवढं झालं की मजा करा. कांदिवलीच्या माणसाला खंड्या इतक्या जवळून दुसरीकडे दिसायचा नाही.

आक्सा चौपाटीला मुलांना घेऊन जातो. गुडघाभर पाण्यातच उभे असतो, तरी जीवरक्षक शिट्ट्या मारून बाहेर काढतात. गुडघाभर पाण्यात कोण बुडतं?

आक्साला बुडतात. तिथल्या वाळूत खड्डे पडतात आणि त्यांची जागा बदलते. आज गुडघाभर पाणी होतं तिथून दोन पावलांवर उद्या छातीभर असू शकतं. त्यात परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. सगळीकडे लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा शांत, गढूळ, फेस आत जाताना दिसला तर तो पोहायला बरा म्हणून लोक नेमके तिथेच शिरतात. तीच आत ओढणारी धार. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत धारेबाहेर या, मग वळा. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा.

मुलांच्या हवेच्या टायरबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पाणी अगदी गुळगुळीत दिसतं, आणि टायर मुलासकट आत जातो. दुपारनंतर खारा वारा सुटला की उलट. टायर घरी ठेवा. शिट्टी वाजली की बाहेर या, हुज्जत घालू नका. गिरगाव, दादर, जुहू, वेसावे, आक्सा, गोराई या चौपाट्यांवर जीवरक्षक असतात. ते नसतील तिथे आणि त्या वेळी मुलांना पाण्यात सोडू नये.

वय चौसष्ट. रोज दादर चौपाटीवर पोहावंसं वाटतं. पावसाळ्यातही चालेल का?

नाही. १ जून ते ३१ जुलै आमच्या मासेमारीच्या होड्यासुद्धा बंद असतात, आणि पुढेही नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय आमची जुनी माणसं दर्यात जात नाहीत. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस पालिका आधीच जाहीर करते, त्या दिवशी तर वाळूवरही फिरू नका.

दुसरं कारण घाणीचं. मलनिस्सारणाच्या दोन मोठ्या वाहिन्या वरळी आणि वांद्र्याहून तीन किलोमीटरच्या पुढे समुद्रात सोडलेल्या आहेत, पण नाले थेट किनाऱ्याशी येतात, आणि मिठी नदी माहीमला. आंघोळीच्या समुद्रपाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले जिवाणू १०० पर्यंत चालतात, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक आहे. जोराच्या पावसानंतर नाल्याच्या तोंडाशी ते पाळलं जाईल असं मला तरी वाटत नाही. मोठ्या पावसानंतर निदान तीन दिवस दूर राहा, पायाला जखम असेल तर त्याहून जास्त. शिवाजी पार्कचा महात्मा गांधी जलतरण तलाव तुमच्यापासून चालत आहे. क्लोरीनचा वास सहन करा.

जुहूला निळा फुगा चावला तर लिंबू लावायचं का?

लिंबू नको, माती नको, आणि ते दुसरं जे मित्र सुचवतात तेही नको. तो ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा दिसणारा विषारी समुद्री जीव. ऑगस्टच्या आसपास वारा त्यांना किनाऱ्यावर लोटतो, वाळूवर मेलेलाही डंख मारतो. चोळू नका. अंगाला चिकटलेले धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं धरा. पाणी आधी दुसऱ्या कोणीतरी हात घालून बघावं, डंख बसलेल्याला भाजल्याचं कळत नाही. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा मूल लहान असेल तर गरम पाण्याची वाट न बघता दवाखाना गाठा.