श्निट्झेलचं आवरण तळताना मांसापासून सुटतं. माझं काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. चिकनला ब्रेडक्रम्स दाबून बसवले, तासभर फ्रिजमध्ये ठेवले, तरी तळताना आवरण सुटून वर येतं, ते का? अस्सल श्निट्झेल कसं करतात? आणि शेवटी जरा वैतागून, "हे म्हणजे आपलं कटलेटच ना?"

पहिल्याचं उत्तर ऐकून तुम्ही आणखी वैतागाल. आवरण सुटून वर यायलाच हवं. तुम्ही जे टाळायला एवढा खटाटोप करताय, तेच घडावं म्हणून ऑस्ट्रियाच्या राजधानीतले, म्हणजे श्निट्झेलसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिएन्नातले लोक पॅनसमोर उभे राहून मनगट दुखवून घेतात.

मी तिथे सहा वर्षं होतो, नोकरीनिमित्त. आचारी वगैरे नाही. आमच्या जुन्या इमारतीत आतल्या चौकाकडे सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या होत्या, आणि रविवारी अकराच्या सुमारास त्यांतून धप् धप् आवाज सुरू व्हायचा. पहिल्या महिन्यात मला वाटलं, कुणीतरी दर रविवारी भिंतीत खिळे ठोकतंय. खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं तर त्या हसत सुटल्या आणि पुढच्या रविवारी मला ओट्याशी उभं केलं. खाली लिहिलंय त्यातलं हाताचं सगळं ज्ञान त्यांचं.

आधी नाव. आपण 'श्निट्झेल' लिहितो, पण उच्चार 'श्निचल'च्या जवळ जातो. त्यातला च 'चमचा'तला, 'चिमटा'तला नव्हे. हा च आपल्याकडे घरचाच असल्यामुळे मराठी माणसाला तो पहिल्या फटक्यात जमतो. शब्द आला आहे कापणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून. श्निट्झेल म्हणजे छोटा, पातळ काप. कागदाच्या कपट्यांनाही जर्मनमध्ये हाच शब्द लावतात.

आता आपले वांग्याचे काप, सुरणाचे काप आठवा. नाव फक्त कापण्याबद्दल सांगतं, पण ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर येतो तो रवा नाहीतर तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत केलेला काप. श्निट्झेलचं नेमकं हेच झालंय. जगाला वाटतं श्निट्झेल म्हणजे ते सोनेरी आवरण. प्रत्यक्षात 'नाटूरश्निट्झेल'ला ब्रेडक्रम्सचा कणही नसतो. 'पारीझर श्निट्झेल'ला फक्त मैदा आणि अंडं. 'येगरश्निट्झेल', म्हणजे शिकाऱ्याचं श्निट्झेल, पश्चिम जर्मनीच्या परंपरेत बिनआवरणाचं आणि मशरूमच्या सॉससोबत असायचं, तर पूर्व जर्मनीत त्याच नावाखाली शाळेच्या आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये ब्रेडक्रम्स लावून तळलेली सॉसेजची जाड चकती आणि टोमॅटो सॉसमधला पास्ता मिळायचा. दोन्हीकडचे जर्मन आजही यावरून एकमेकांना टोमणे मारतात.

तुम्हाला हवंय ते 'व्हीनर श्निट्झेल', म्हणजे व्हिएन्नाचं. ऑस्ट्रियाच्या अन्नसंहितेनुसार नुसतं 'व्हीनर श्निट्झेल' एवढंच लिहायचं असेल तर ते वासराच्या मांसाचंच असावं लागतं. जर्मनीतही तसंच. डुकराचं असेल तर मेन्यूत तसं लिहावं लागतं, किंवा 'व्हिएन्ना पद्धतीचं' म्हणावं लागतं. पण म्हणून डुकराचं श्निट्झेल नकली ठरवू नका. ऑस्ट्रियातल्या घरात रोजच्या जेवणात बहुतेकदा तेच असतं, नाहीतर टर्कीचं. आमच्या आजी वासराचं मांस फक्त ईस्टरला आणि मुलगा आला की आणायच्या. व्हिएन्नाच्या मध्यवस्तीतलं, १९०५ पासूनचं फिग्लम्युलर हे पर्यटकांच्या रांगांसाठी प्रसिद्ध ठिकाण आहे ना, तिथलं ताटाबाहेर लोंबणारं श्निट्झेलही डुकराचंच असतं, आणि ते तसं सांगून देतात.

आता कृती. मांस मागच्या मांडीचं, चरबी आणि शिरा नसलेलं, तंतूंना आडवं कापलेलं. तुकडा लहान असेल तर मधोमध जवळजवळ आरपार चिरून पुस्तकासारखा उघडतात. मग ठोकायचं. हातोड्याची दातेरी बाजू वापरायची नाही, तिने तंतू फाटतात आणि रस बाहेर येतो. सपाट बाजूने, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून, मधून कडेकडे सरकत. जाडी साधारण चार मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी. आजींच्या हातात ते काम वरवंट्यासारखं चालायचं, वजन हातोड्याचं, दिशा फक्त त्यांची. माझ्या पहिल्या तुकड्याला खिडक्या पडल्या होत्या.

मीठ थेट मांसाला, दोन्ही बाजूंनी. मॅरिनेशन नाही, लसूण नाही, मिरपूड बहुतेक जण घालतही नाहीत. आपल्या जिभेला हे बेचव वाटणार हे मला मान्य आहे, पण एकदा तरी असंच करून बघा. मग तीन ताटल्या. पहिलीत मैदा, घोळवून नीट झटकायचा. दुसरीत अंडं, काट्याने जेमतेम मोडलेलं, फेस येईपर्यंत फेटलेलं नाही. तिसरीत पावाचा चुरा. आणि इथेच तुमची गाडी चुकीच्या रुळावर गेली. चुरा दाबायचा नाही. मांस त्यात अलगद ठेवायचं, वरून चुरा टाकायचा, उचलून हलकेच झटकायचं आणि लगेच तळायला घ्यायचं. फ्रिज नाही, "मुरू दे" नाही. वाट बघितली की चुरा ओलावा शोषतो, त्याचा लगदा होतो, आणि तो मांसाला भिंतीच्या गिलाव्यासारखा चिकटून बसतो.

तळण्याचं माध्यम ऐकून मला फार आनंद झाला होता. ते चक्क तूप आहे. 'बुटरश्माल्झ' म्हणजे पाणी आणि दुधाचा अंश काढून टाकलेलं लोणी. आपलं तूप बेरी तांबूस होईपर्यंत कढवलेलं असतं, त्यामुळे त्याला खमंगपणा जास्त; त्यांचं जरा सौम्य. जुन्या घरांत डुकराची चरबीही वापरत. साधं लोणी चालत नाही, त्यातले दुधाचे कण जळून काळे होतात. तूप पॅनमध्ये दोन-तीन बोटं हवं, श्निट्झेल त्यात तरंगलं पाहिजे. आपण चार चमचे तुपात परतून काढायला बघतो, तिथे ते फसतं. आच अशी की तूप १६०-१७० अंश सेल्सिअसच्या आसपास राहील. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याची चिमूट टाका, ती लगेच फसफसली पाहिजे पण काळवंडता कामा नये.

आणि आता फुगण्याबद्दल. पुरी कशी फुगते? खालून गरम तेल, आतल्या पाण्याची वाफ, आणि वरचा पापुद्रा पटकन घट्ट व्हावा म्हणून आपण झाऱ्याने त्यावर तेल उडवतो. श्निट्झेलही असंच. अंड्याचा थर गरम तुपात क्षणात आळतो आणि त्याची पिशवी होते. मांसातून निघालेली वाफ त्या पिशवीत अडकते आणि तिला वर उचलते. व्हिएन्नातले लोक झारा घेत नाहीत, ते पॅनच सतत हलवत राहतात, म्हणजे गरम तुपाच्या लाटा श्निट्झेलच्या पाठीवरून जातात. आजींचं मनगट तिथे दुखायचं. दीड-दोन मिनिटांत एक बाजू, मग एकदाच उलटायचं, काटा न टोचता. टोचलं की पुरीला भोक पडल्यासारखी वाफ निघून जाते. तयार झालेल्या आवरणावर लाटा उमटलेल्या दिसतात, सुरकुतलेल्या रेशमासारख्या, आणि सुरीचं पातं आवरण आणि मांस यांच्यामधून सहज सरकतं. मांस त्या पिशवीत वाफेवर शिजल्यामुळे रसरशीत राहतं. तुपात तळलं जातं ते फक्त आवरण, आणि आतली वाफ बाहेरच्या दिशेने ढकलत असल्याने तूप फारसं आत शिरत नाही. तिथला एक जुना विनोद आहे: चांगल्या श्निट्झेलवर चांगली पँट घालून बसता आलं पाहिजे, डाग न पडता. (मी प्रयोग केलेला नाही.)

मात्र तुमचं आवरण तुकड्या-तुकड्यांनी गळून तेलात पडत असेल तर तो दोष आहे, फुगणं नव्हे. कारणं ठरलेली: मांस पाण्याने ओलं होतं, किंवा मैदा जाड थरात राहिला, किंवा तेल गार होतं. चिकन धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडं करा. आपल्याकडे ही पायरी सर्रास गाळली जाते.

चुऱ्याबद्दलही सांगतो, कारण कुणी सांगत नाही. तिथे चुरा साध्या, बिनगोड कडक पावांचा असतो, बारीक दळलेला. आपला स्लाइस ब्रेड आणि विशेषतः चहासोबतचा टोस्ट गोड असतो. साखर आधी करपते, त्यामुळे आवरण लालभडक आणि मांस कच्चं असा प्रकार होतो. मुंबई-पुण्यात असाल तर ब्रून पाव आणा, दोन दिवस उघडा वाळवा आणि मिक्सरला फिरवून चाळून घ्या. मला सापडलेला हा सगळ्यात जवळचा पर्याय. वासराच्या मांसाचा विषय महाराष्ट्रात येतच नाही, पण चिकन ब्रेस्ट किंवा पोर्क लॉइन घेऊन हेच तंत्र तंतोतंत लागू पडतं. इस्रायलमध्ये तर चिकन किंवा टर्कीचं श्निट्झेल हे अगदी घराघरातलं जेवण आहे. युरोपातून आलेल्या ज्यूंनी ते सोबत आणलं, पण वासराचं मांस परवडणारं नव्हतं, आणि मांस व दुधाचे पदार्थ एकत्र न करण्याच्या धर्मनियमामुळे लोणी-तूपही बाद. म्हणून चिकन आणि तेल.

ताटात लिंबाची फोड, थोडी पार्सली आणि बटाट्याचं सॅलड. व्हिएन्नाच्या या सॅलडमध्ये मेयोनीज नसतं. न फुटणारे मेणचट बटाटे, कोमट मांसाचं पाणी, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, कांदा, तेल. श्निट्झेलवर सॉस ओतणं मात्र ऑस्ट्रियन माणसाला बघवत नाही. मला सुरुवातीला हा निव्वळ अभिमान वाटायचा. पण एवढी मेहनत घेऊन कुरकुरीत केलेल्या आवरणावर रस्सा ओतायचा म्हणजे कुरकुरीत भजी कढीत बुडवून वर "भजी मऊ पडली" म्हणायचं.

इतिहासातला एक गैरसमज तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल: एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियाच्या फील्ड मार्शल राडेट्झ्कीने इटलीतल्या मिलानहून ही पाककृती व्हिएन्नाच्या सम्राटाला कळवली. राडेट्झ्की खरा, मिलानवरचा ऑस्ट्रियाचा ताबाही खरा. पत्राची गोष्ट मात्र बनावट. भाषाशास्त्रज्ञ हाइन्त्स-डीटर पोल यांनी २००७ साली दाखवून दिलं की ही कथा १९६९ च्या एका इटालियन खाद्ययात्रेच्या पुस्तकातून आणि १९७१ मध्ये आलेल्या त्याच्या जर्मन भाषांतरातून पसरली. ब्रेडक्रम्स लावून तळायची पद्धत व्हिएन्नात राडेट्झ्कीच्या त्या कथित पत्राच्या कितीतरी आधीपासून होती, तळलेल्या कोंबडीच्या रूपात. शिवाय मिलानचा पदार्थ वेगळाच आहे: हाडासकट जाड तुकडा, मैदा नाही, लोण्यात तळलेला, आणि आवरण मांसाला घट्ट चिकटलेलं. म्हणजे तुम्हाला जे हवंय असं वाटत होतं, ते मिलानमध्ये मिळतं!

राहिलं कटलेट. हा शब्द फ्रेंच 'कोतलेत'चा, म्हणजे बरगडीचा हाडासह तुकडा. इकडे येता येता हाड गेलं, मग अखंड मांस गेलं आणि खिमा आला, मग खिमाही गेला आणि रेल्वेच्या प्लेटमध्ये बीट-बटाटा उरला. त्यामुळे आपल्या नेहमीच्या कटलेटचा आणि श्निट्झेलचा संबंध फक्त चुऱ्यापुरता. पारशी लेसी कटलेट तर उलट क्रमाने जातं, चुरा आधी आणि अंडं शेवटी, म्हणून कडेला ती जाळी येते. खरा नातेवाईक शोधायचा तर गोव्यात जा. तिथलं बीफ कटलेट खिम्याचं नसतं. मांसाचा पातळ काप, आलं-लसूण आणि व्हिनेगर लावलेला, अंड्यात आणि रव्यात घोळवून तळलेला, आणि पावात घालून दिलेला.

व्हिएन्नातही उरलेलं श्निट्झेल दुसऱ्या दिवशी गारच, गोल पावात घालून खातात, वर थोडं लिंबू. आवरण तेव्हा मऊ पडलेलं असतं आणि त्याबद्दल कुणीही तक्रार करत नाही. सोमवारी ऑफिसात माझा डबा तोच असायचा, फक्त मी त्यात गुपचूप हिरवी मिरची घालायचो.