वडिलांची पोटातली महाधमनी फुटली होती; पोट न उघडता जांघेतून दुरुस्त केली. हे कसं शक्य होतं? आणि आता ते पूर्ण बरे झाले का?

वडील वाचले हे वाचून फार बरं वाटलं. महाधमनी फुटलेली कितीतरी माणसं हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

मी बारा वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे रक्तवाहिन्यांत नळी घालून उपचार करतात तिथे, नर्स आहे. पोट उघडलं नाही म्हणजे टाके वाचले, एवढंच लोकांना वाटतं. खरा फायदा वेगळा आहे. फुटलेल्या धमनीतलं रक्त बहुतेकदा मागे, कण्याच्या बाजूला साकळतं. ती गुठळी आणि घट्ट झालेलं पोट मिळून भोक दाबून धरतात. पूर्ण भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडतात, पोट उघडलं की उरलासुरला दाबही जातो आणि बीपी कोसळतं. म्हणून जमेल तेव्हा फक्त जांघ बधिर करतात. सलाइनही हात राखूनच: पेशंट नीट बोलत असेल तर वरचं बीपी ८० असलं तरी थांबतात, कारण ते उगाच वाढवलं तर गुठळी सुटते.

मग जांघेतल्या धमनीतून तार वर जाते आणि तिच्यावरून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे कापड लावलेली धातूची जाळी, मिटवून बारीक नळीत बसवलेली. ती मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या अगदी खाली उघडायची. थोडी वर सरकली तर मूत्रपिंडांचं रक्तच बंद. एका आजोबांचा हात धरून मी उभी होते. ‘पाठ फुटतेय गं’ एवढंच ते म्हणत होते. आधी स्क्रीनवर डाय, म्हणजे एक्स-रेत रक्ताची वाट दिसावी म्हणून धमनीत सोडलेलं औषध, धमनीबाहेर धुरासारखा पसरत होता. ग्राफ्ट उघडल्यावर तोच डाय सरळ दोन्ही पायांकडे उतरला. थोड्या वेळाने त्यांची बोटं माझ्या हातात सैल झाली, तेव्हा मी आधी मॉनिटरकडे पाहिलं. बीपी ११० होतं.

ही पद्धत प्रत्येकाला चालत नाही. ग्राफ्ट धरायला मूत्रपिंडांच्या खाली धमनीचा पुरेसा चांगला भाग लागतो. तो नसेल तर पोट उघडणंच योग्य.

‘पूर्ण बरे’ म्हणायची मात्र घाई करू नका. धमनी जिथे फुगून फुटली तो फुगा अजून तिथेच आहे, फक्त रक्त आता ग्राफ्टमधून जातं. कडेने किंवा बारीक फांद्यांतून ते पुन्हा फुग्यात झिरपू शकतं. त्याला एंडोलीक म्हणतात, आणि ते बहुतेकदा दुखत नाही. त्यामुळे सर्जनने दिलेली सीटी स्कॅनची एकही तारीख चुकवू नका, अगदी वर्षांनंतरसुद्धा. सिगारेट कायमची बंद. पोटात किंवा पाठीत नवीन दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा आणि ग्राफ्ट आहे हे आधी सांगा. हा आजार घराण्यात चालतो, तेव्हा तुम्ही भावंडांनी सोनोग्राफी कधी करायची तेही त्याच भेटीत विचारून घ्या.