एकाच मुलीच्या वेळापत्रकात दोन पद्धती: आमच्या शाळेची २०१५ ची चूक

तुमची पोस्ट वाचली आणि २०१५ मधली आमची स्टाफरूम आठवली. इंग्लंडमध्ये व्ही लेव्हल, म्हणजे सोळा वर्षांनंतरचे नवे व्यावसायिक अभ्यासक्रम, २०२७ पासून टप्प्याटप्प्यानं येणार, तोवर बीटेकचे (इंजिनियरिंगची पदवी नव्हे, BTEC) सध्याचे व्यावसायिक अभ्यासक्रम ठेवायचे की नाही हे मुख्याध्यापकांनी एकेका विभागावर सोडलंय, आणि सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेतल्या शेवटच्या दोन वर्षांच्या, प्रमुख म्हणून तुम्हाला फक्त जुळवाजुळव करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून हे होऊ देऊ नका. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

मीही इंग्लंडमध्येच, एका सरकारी शाळेत सिक्स्थ फॉर्मचं वेळापत्रक लावायचे. ऑप्शन ब्लॉक, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या विषयांचे गट, कसे पाडायचे ते तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. तेव्हा एएस, म्हणजे पहिल्या वर्षाअखेरची परीक्षा, ए लेव्हल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमापासून वेगळी केली, म्हणजे तिचे गुण त्यात धरणं बंद झालं, आणि ए लेव्हलची सगळी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी गेली. पण सगळे विषय एकदम बदलले नाहीत. विज्ञानाचे विषय, इतिहास, इंग्रजी २०१५ ला, भूगोल नि फ्रेंच २०१६ ला, गणित तर २०१७ ला. त्यामुळे त्या सप्टेंबरात इयर १२ ला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाला, आलेल्या मुलीचं बायॉलॉजी-केमिस्ट्री नवं आणि गणित-भूगोल जुनं.

चार विषय घ्यायचे, वर्षानं एक सोडायचा, ही जुनी रीत आम्ही तशीच चालू ठेवली. नव्या विषयांत एएसला मुलं बसवायची की नाही, ते विभागांनी ठरवायचं. केमिस्ट्रीनं बसवली. बायॉलॉजीनं नाही बसवली, आणि दोन वर्षं धरून धड्यांचा क्रमच बदलला. त्यांच्या बाजूनं ते बरोबरही होतं. मे महिन्यात केमिस्ट्री-गणिताची मुलं परीक्षेच्या सुट्टीवर गेली आणि बायॉलॉजीच्या वर्गात २२ पैकी ९ जण उरले. बाईंनी तेच धडे जूनमध्ये पुन्हा शिकवले. ज्यांनी वर्षाअखेर बायॉलॉजी सोडली त्यांच्या हाती काहीच नाही, एक ग्रेडसुद्धा नाही. एका मुलीचे वडील येऊन म्हणाले, "मॅडम, वर्षभर ती जे शिकली ते कुठं दिसणार?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजून सलतं.

आधी विचारलं नव्हतं असंही नाही. शाळांना मार्गदर्शन करणं हेच ज्यांचं काम, त्या कार्यालयाला मी तीनदा फोन केला. दर वेळी एकच वाक्य: "हा निर्णय शाळेचा आहे." अहो, शाळेचाच आहे, पण कोणत्या विषयाची एएस आणि ए लेव्हल एका वर्गात बसवून शिकवता येते एवढं तरी सांगाल?

आता माझं मत. एका शाळेचा अनुभव आहे, तेवढाच धरा. दहा खऱ्या मुलांच्या विषयांच्या जोड्या घ्या आणि प्रत्येकाची दोन वर्षं कागदावर मांडा: कोणती परीक्षा कोणत्या महिन्यात, मध्येच विषय सोडला तर हाती काय. मगच विभागप्रमुखांना एकत्र बसवा. चौथा विषय मी सरसकट देणार नाही. सरकारी निधी मुलामागे येतो, विषयामागे नाही; २०१३ पासून कितीतरी वर्षं तो १६-१७ वर्षांच्या मुलामागे ४,००० पौंडांवर अडकला होता. बहुतेक मुलांच्या चौथ्या विषयाचे तास आम्ही बाकीच्या तिघांतूनच काढत होतो.

व्ही लेव्हल साधारण एका ए लेव्हलएवढी ठरवली आहे, म्हणून ती त्याच ब्लॉकमध्ये बसेल. टी लेव्हल, म्हणजे दोन वर्षांचा मोठा तांत्रिक अभ्यासक्रम, मात्र तिथं कोंबू नका, तिच्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जायचं असतं. आणि वेल्समधल्या ओळखीच्या शिक्षकांचा सल्ला जपून घ्या. तिथं एएसचे ४० टक्के अजून ए लेव्हलमध्ये धरतात, त्यांचं गणितच वेगळं.

माहितीपुस्तिका छापायची घाई असेल, तर ज्या अभ्यासक्रमाला अजून मंजुरी नाही त्याच्या पानावर तसं ठळक लिहा, तारखेसह. पालकांच्या सभेत ते पान स्वतः वाचून दाखवा. त्या जोड्या मुलांची नावं काढून इथं टाकल्यात तर मी रविवारी बसून बघते.