ब्रोकोली राहू द्या, आधी पॉलिसी परत करा

सातारा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 58, पुण्याच्या कारखान्यातून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून 46 लाख हातात आले. त्यातले 32 लाख घालून गावाकडे 10 गुंठ्यांत हायड्रोपोनिक (म्हणजे मातीविना शेतीचं) पॉलीहाउस उभारायचं आहे. प्रश्न एवढाच : ब्रोकोली लावू, फ्लॉवर लावू, की ऋतूप्रमाणे आलटूनपालटून?

उत्तर देतो, पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ती ओळ आधी. "बँकेतल्या मॅडमनी 6 लाख गॅरंटीड एफडीसारख्या योजनेत टाकून दिलेत, पुढचे हप्ते ब्रोकोलीतून निघतील."

एफडीला पुढचे हप्ते नसतात हो! सोबत जोडलेली प्रत पाहिली. ती विमा पॉलिसी आहे, 10 वर्षं, दरवर्षी 6 लाख. म्हणजे 46 लाखांच्या माणसाला 60 लाखांचं बंधन घातलंय. हिशेब बघा. पॉलीहाउसची शेड आणि पहिला हप्ता गेल्यावर उरतात 8 लाख. घरखर्च महिना 35 हजार, पीएफबरोबरचं ईपीएस पेन्शन साडेचार हजार. वर्षाला साडेतीन-पावणेचार लाख खिशातून जाणार. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी खात्यात सव्वाचार लाख आणि भरायचे 6. हप्ता चुकला की भरलेल्या पैशाला घसघशीत कात्री लागते.

आणि "करमुक्त" म्हणून सांगितलं ना? 1 एप्रिल 2023 नंतरच्या अशा पॉलिसीचा वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर गेला, की मुदतपूर्तीच्या रकमेतल्या नफ्यावर कर लागतो. हे त्या मॅडमना माहीत नसेल तर त्यांनी विकू नये, माहीत असेल तर बोलायलाच नको.

सुदैवानं पॉलिसी हातात येऊन 18 दिवसच झालेत. मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्या, पोच घ्या, ईमेलही टाका. बँकेत जाऊ नका, तिथे "एकदा विचार करा ना काका" म्हणत उरलेले 12 दिवस घालवतील. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार.

आता शेड. ती उभारून देणाऱ्या आणि माल परत विकत घेऊ म्हणणाऱ्या कंपनीच्या कागदावर 4,000 रोपं, अर्ध्या किलोचा गड्डा, वर्षात चार पिकं, 150 रुपये भाव : 12 लाख. या कागदाला मी हात जोडतो. ब्रोकोलीचा गड्डा 15 ते 20 अंशांत नीट भरतो. पारा 27 च्या वर राहिला की कळ्या सुटतात, पिवळी फुलं दिसतात, माल गेला. फ्लॉवरच्या लवकर येणाऱ्या जाती थोडी उष्णता सोसतात, पण गड्डा विरळ आणि पिवळसर. साताऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये पंखे आणि ओले पॅड लावून वीजबिल वाढेल. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा पॅडचा उपयोग नाही. शिवाय कंपनीने पाइपांची एनएफटी पद्धत (पाइपातून खताच्या पाण्याची पातळ धार) देऊ केली आहे. ती लेट्यूससारख्या पालेभाजीला. ब्रोकोलीची मुळं पाइप तुंबवतात आणि वर जड गड्डा येतो, रोप कलंडतं. या पिकाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या बादल्या लागतात. हे ज्यांना ठाऊक नाही ते हमीभाव देणार!

मी रस्ते वगळून 3,000 रोपं धरतो, गड्डा 350 ग्रॅम, तीन पिकं. तीन टन. 80 रुपये सरासरी भाव उदारपणे धरला तरी अडीच लाख. एक गडी दीड लाख, वीज-खतं-रोपं लाखभर. हातात शून्य, 32 लाख अडकलेले. माल परत घेण्याच्या (बायबॅक) करारात "प्रत कंपनी ठरवेल", म्हणजे मालाचा दर्जा तेच ठरवणार, असं कलम आहे, तेव्हा 150 विसरा.

तेच पैसे असे ठेवा. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख, सध्या 8.2 टक्के, तिमाहीला साडेएकसष्ट हजार, म्हणजे महिना साडेवीस. 60 च्या आतल्या निवृत्तांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. तुमचा एकच महिना उरलाय. मासिक प्राप्ती योजनेत 9 लाख, त्याचे महिना साडेपाच हजार. पेन्शन धरून महिना साडेतीस हजार झाले. उरलेले 7 लाख एफडीत, दुखण्याखुपण्याला.

हौसच असेल तर त्यातले 50-60 हजार काढून शंभरेक बादल्या लावा. बी सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये टाका, ऑक्टोबरअखेर लावण, जानेवारीत गड्डे. फ्लॉवर मात्र तुमच्या काळ्या रानातच घ्या. विहिरीचं पाणी आहे, आणि मातीविना वाढला म्हणून मंडईत किलोला रुपया जास्त कुणी देत नाही.

कंपनीला दिलेला 50 हजारांचा विसार मागून बघा. नाही दिला तर सोडून द्या, त्यापायी 32 लाख घालू नका.